सागाच्या पानातली नदी

नमस्कार श्रोतेहो. पावसाळा ओसरू लागला की नागपूरच्या गोरेवाड्याच्या बाजूला सागाची पानं जाळीदार झालेली दिसतात. एक बारकी अळी शिरांमधला हिरवा गर खाते आणि शिरा तेवढ्या सोडते. असं एक गळलेलं पान घरी आणा. आज त्यातूनच शाईचं कल्पनाचित्र काढू.

कल्पनाचित्र म्हटलं की हात लगेच पंखांच्या घोड्याकडे वळतो. तो मोह आवरा. चित्रात थाप एकच मारायची, बाकी सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. आपली थाप अशी: हे पान नाही, आभाळातून दिसणारा मुलूख आहे. मधली शीर नदी, बाजूच्या शिरा तिला मिळणारे नाले. आता पान नीट बघा. मधली शीर टोकाशी बारीक आणि देठाशी जाड असते, बाजूच्या शिरा टोकाकडे झुकलेल्या. म्हणजे नदीचा उगम टोकाशीच हवा. देठाशी धरलात तर सगळे नाले उलटे वाहतील आणि चित्र का खटकतंय ते बघणाऱ्याला सांगताही येणार नाही.

कागद गुळगुळीत, २०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा), ए-४ पुरे. खरखरीत कागदाचे तंतू निबमध्ये अडकतात. अख्खं पान मावणार नाही, टोकाकडचा अर्धा भाग घ्या. कच्चं रेखाटन एचबी पेन्सिलीने, हलक्या हाताने. कडक शिशाने कागदाला चर पडतात आणि त्यावर रेघ तुटते.

शाई काळी, वॉटरप्रूफ. ती फाउंटन पेनमध्ये भरू नका, आत वाळली की पेन गेलं. नव्या निबवर तेलाचा पातळ थर असतो, तो साबणाने धुवा, नाहीतर शाई मण्यांसारखी गोळा होते. टाक, म्हणजे शाईत बुडवून वापरायचं पेन, निबच्या भोकापर्यंतच बुडवा. टाक नको असेल तर ०.१, ०.३ आणि ०.८ मिलिमीटर टोकाची पेनं चालतील.

आधी नदी, मग नाले, शेवटी बारीक जाळी. जाळीची सगळी घरं बंद करू नका. अळीने काही तोडलेलीच असतात. उजेड डाव्या बाजूने धरलात तर सावलीच्या रेघा प्रत्येक शिरेच्या उजवीकडे. रेघांचा दुसरा थर पहिला सुकल्यावर, आणि तिरपा द्या. काटकोनात दिलात की मच्छरदाणी तयार! दोन तृतीयांश घरं तरी कोरी राहू द्या.

आपल्या नागपुरी उन्हाळ्यात निबवरची शाई बघता बघता वाळते, म्हणून ओलं फडकं जवळ ठेवून निब पुसत राहा. कूलरसमोर मात्र बसू नका. त्याच्या दमट हवेने कागद सर्द होतो आणि रेघ फुटते. शाईचा थेंब पडलाच तर पुसू नका, टिपकागदाचं टोक नुसतं टेकवा. उरलेल्या डागाला सुकल्यावर काठ काढा, तलाव होईल. पेन्सिलीच्या खुणा अर्ध्या तासाने खोडा. गडद काळ्या जागांवर दुसऱ्या दिवसापर्यंत रबर नको.

सगळ्यात शेवटी एक झोपडी. तांदळाच्या दाण्याएवढीच, कारण तिच्यावरूनच नदी केवढी ते ठरतं. अंगठ्याएवढी झाली की नदीचं पुन्हा पान होतं. आणि नाला नदीला मिळतो त्या बेचक्यात ती नको, पहिल्याच पुरात जाईल. थोडी वर, उंच काठावर बांधा.