आधी घट्ट वरण, मग जमलं तर भात

(वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आणि त्यांच्या घरची मंडळी यांच्यासमोर पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांच्या शेजारी त्यांच्या घरी स्वयंपाक करणारी माणसंही आज आली आहेत, हे फार बरं झालं. सर्जननं त्याचं काम दीड-दोन तासांत संपवलं. पुढचं काम स्वयंपाकघरात होतं आणि ते वर्षानुवर्षं चालतं.

आधी जागेचं बोलू. स्लीव्हच्या ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. जी अरुंद नळी उरते तिच्यात सुरुवातीला 100 ते 150 मिली मावतं. बायपासमध्ये जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून थेट आतड्याला जोडतात, तो 30 मिलीच्या आसपास असतो. शिवाय स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग जातो, तिथेच भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तयार होतं. त्यामुळे पहिले काही महिने भूकच लागत नाही. रुग्ण खुशीत असतो, 'मॅडम, दोन चमचे खाल्ले की पोट भरतं.' मी विचारते, कशाचे दोन चमचे? बहुतेक वेळा उत्तर येतं, मऊ भात. नाहीतर वरणावरची निवळ.

आता गरजेचं बोलू. निरोगी प्रौढ माणसासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं 2020 साली सांगितलेलं प्रमाण आहे वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं. या ऑपरेशननंतर सर्वसाधारणपणे रोज किमान 60 ग्रॅम सांगतात, आणि गरजेप्रमाणे आदर्श वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत जातात. आदर्श वजन म्हणजे आजचं 110 किलो नव्हे. उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, त्यातून 100 वजा करा, ढोबळ अंदाज येतो. 160 सेंटिमीटर उंचीच्या बाईंचे 60 किलो, म्हणजे रोज 60 ते 90 ग्रॅम प्रथिनं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा परस्पर ठरवू नका, डॉक्टरांनाच ठरवू द्या.

म्हणजे पोट लहान झालं, पण प्रथिनांची गरज कमी झाली नाही. माझं सगळं म्हणणं या एका अडचणीभोवती आहे. आपण नेहमी विचारतो, 'डाळीत प्रोटीन असतं ना?' असतं. पण तुम्ही विचारायला हवं, माझ्या अर्ध्या वाटीत किती आलं?

25 ते 30 ग्रॅम कोरडी डाळ घेतली तर तिच्यात 6-7 ग्रॅम प्रथिनं असतात. ती घट्ट शिजवली तर एका लहान वाटीत बसते. तीच डाळ पाणी घालून, फोडणी देऊन घरातल्या चौघांना पुरेल अशी आमटी केली, तर तुमच्या वाटीत दीड-दोन ग्रॅम येतात आणि पोट मात्र पाण्यानं भरतं. ताकाचंही तसंच. पातळ ताकाच्या पेल्यात प्रथिनं नावापुरती. तेच दही फडक्यात टांगून चक्का केला, तर 100 ग्रॅममध्ये 8 ग्रॅमच्या आसपास मिळतात. श्रीखंडासाठी घरोघरी चक्का टांगला जातो. आता साखर न घालता तो खायचा, एवढाच बदल. पनीर करताना जे पाणी सुटतं ते 'त्यातच सगळं सत्त्व असतं' म्हणून काहीजण पितात. त्या पाण्यात 100 मिलीमागे जेमतेम एक ग्रॅम प्रथिनं उतरतात. सत्त्व फडक्यात राहिलंय, ते खा. गाळलेल्या चिकन सूपचंही हेच, पातेल्यातलं चिकन दुसऱ्याच्या ताटात गेलं तर तुमच्या वाटीत उरला फक्त स्वाद.

बदामाबद्दल लोकांचा भलताच विश्वास आहे. दहा बदामांत अडीच ग्रॅम प्रथिनं आणि 70 कॅलरी. शेंगदाण्यात 100 ग्रॅममागे 25 ग्रॅम प्रथिनं आहेत, हे खरं, पण सोबत साडेपाचशेहून जास्त कॅलरी येतात. कूट भाजीत घाला, जरूर घाला, पण तो प्रथिनांचा मुख्य मार्ग होऊ शकत नाही. 'मटकीला मोड आणले की प्रोटीन वाढतं' हेही खूप ऐकते. मोड आल्यावर उसळ पचायला सोपी होते. प्रथिनांचा साठा फारसा वाढत नाही. उलट मटकी पाणी पिऊन फुगते, म्हणजे त्याच वाटीत दाणे कमी मावतात.

हे इतकं ताणून का सांगते? चरबी शरीर साठवून ठेवतं. प्रथिनांसाठी मात्र अशी वेगळी कोठी नाही. रोजचं आलं नाही, तर शरीर स्नायू मोडून आपली गरज भागवतं. वजन झपाट्यानं उतरतं तेव्हा जे किलो जातात त्यांतला पाव हिस्सा किंवा अधिकही चरबीशिवायचा असू शकतो, आणि त्यात स्नायू येतात. काट्यावर दोन्ही किलो सारखेच दिसतात. आनंदही तेवढाच होतो. परिणाम मात्र सारखे नाहीत. जेवणानंतर रक्तातली साखर सर्वांत जास्त ओढून घेतो तो स्नायू, त्यामुळे मधुमेहाच्या रुग्णाला तो गमावणं महागात पडतं.

आणि आपल्याकडे तो मुळातच कमी. इथल्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचाच एक फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी एक, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्या एका फोटोनं जगाला पटवलं. अशा शरीरातून आणखी स्नायू घालवायची चैन आपल्याला परवडणारी नाही.

या शस्त्रक्रियांचा इतिहासही प्रथिनांच्या धाकानंच घडलाय. 1950च्या दशकात अमेरिकेत लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून टाकण्याची शस्त्रक्रिया सुरू झाली. वजन भरपूर उतरायचं, पण कुपोषण आणि यकृताचे बिघाड इतके व्हायचे की पुढे ती सोडूनच द्यावी लागली. आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी 1966 मध्ये गॅस्ट्रिक बायपास केला, तो त्यामानानं पुष्कळ सौम्य. नंतर इटलीत जिनोआच्या निकोला स्कोपिनारो यांनी आणलेल्या, जठर लहान करून आतड्याचाही मोठा भाग वगळणाऱ्या शस्त्रक्रियेतही सगळ्यांत मोठी काळजी प्रथिनांच्या कमतरतेचीच होती. आज आपल्याकडे स्लीव्ह, बायपास आणि मिनी बायपास हे प्रकार जास्त होतात. मिनी बायपासमध्ये आतड्याचा लांब भाग वगळला असेल तर जास्त सावध राहायचं. तुमचं नेमकं कोणतं ऑपरेशन झालंय, हे तुम्हाला आणि घरच्यांना नावानिशी माहीत असलंच पाहिजे. 'पोटाचं झालंय' एवढं पुरत नाही.

आता ताट. आपल्या ताटात पोळी-भात मध्यभागी, बाकी सगळं तोंडी लावणं. तो क्रम उलटा करायचा. आधी पनीर, अंडं, मासा, घट्ट वरण, उसळ, पिठलं यांपैकी जे असेल ते. मग चार घास भाजी. मग जागा उरली तर पोळीचा तुकडा किंवा भात. बहुतेकांना जागा उरत नाही, आणि सासूबाईंचा जीव कासावीस होतो, 'पोळी खाल्लीच नाही!' नाही खाल्ली, चालेल. तशीही पहिल्या महिन्यांत पोळीचा चावून गोळा होतो आणि छातीत अडकतो, हा अनुभव इथे बऱ्याच जणांना आहे, माना हलताना दिसतायत.

शाकाहारी माणसाचा एक दिवस मांडते, सगळं घन अन्न सुरू झाल्यानंतरचा. सकाळी 200 मिली साय काढलेलं दूध आणि त्यात एक स्कूप व्हे आयसोलेट, म्हणजे दुधातून काढलेल्या प्रथिनांची पावडर, दोन्ही मिळून 30 ग्रॅमच्या आसपास. हे एका दमात नाही, तासभर घोट घोट. दुपारी 50 ग्रॅम पनीर आणि घट्ट मुगाचं वरण, 15 ग्रॅम. संध्याकाळी 100 ग्रॅम चक्का, 8. रात्री कोरडे मोजून 15 ग्रॅम सोयाबीन वड्यांचा खिमा, साडेसात-आठ. झाले साठ. पावडर काढून टाका आणि तोच दिवस पुन्हा मांडून बघा, म्हणजे आम्ही पावडर का लिहून देतो ते कळेल. मांसाहारी मंडळींचं सोपं आहे. एका अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम माशात 20च्या आसपास, शिजवलेल्या चिकनमध्ये 25च्या वर. माझं मत विचाराल तर सुरुवातीला मासा सगळ्यांत चांगला. मऊ, ओला, पटकन सुटणारा. कोरड्या चिकन ब्रेस्टनं भल्याभल्यांना रडवलंय, आणि मटण तर घाई करून खायची गोष्टच नाही.

पावडरीबद्दल थोडं. डब्यावर पुढे काय लिहिलंय ते वाचू नका, डबा फिरवा आणि 100 ग्रॅममागे प्रथिनं किती ते बघा. व्हे आयसोलेटमध्ये ती 80च्या वर असतात. औषधाच्या दुकानात 'प्रोटीन' म्हणून मिळणाऱ्या काही डब्यांत 30-35, आणि लहान मुलांच्या माल्टच्या पेयांत त्याहून कमी, बाकी बरीचशी साखर. बायपासवाल्यांना ती साखर डम्पिंगही करवते, म्हणजे घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब. ऑपरेशननंतर काहींना दूध सोसेनासं होतं; आयसोलेटमध्ये दुधातली साखर फार थोडी असल्यानं ते बहुतेकांना चालतं. कोलॅजन पावडरीवर मात्र विसंबू नका. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांतलं ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल तिच्यात नसतं, म्हणून ते प्रथिन अपुरं. आणि उकळत्या दुधात व्हे टाकू नका. त्याचं पोषण जात नाही, पण गुठळ्या अशा होतात की तुम्ही पुन्हा डब्याला हात लावणार नाही. कोमट पदार्थात ढवळा. बिनचवीचं व्हे कोमट वरणातसुद्धा खपून जातं.

सर्वांत अवघड काळ पहिला महिना नाही. तेव्हा धाक असतो, तक्ता फ्रिजला चिकटवलेला असतो. आधी पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, असं करत दीड-दोन महिन्यांनी घन अन्न येतं, तोवर सगळे नियमात असतात. घसरण सुरू होते सहा महिन्यांनंतर. तेव्हा एक विचित्र गोष्ट लक्षात येते. पनीरचे चार तुकडे खाल्ले की पोट जड होतं, पण चहात बुडवलेली खारी, बिस्किट, चिवडा, आइस्क्रीम मात्र सहज उतरतं, कितीही. म्हणून माणूस नकळत तिकडे वळतो. 'मला पनीर सोसत नाही' असं म्हणतो. सोसतं. ते जड वाटणं म्हणजेच ऑपरेशन नीट काम करतंय. खारी सहज उतरते ही कौतुकाची गोष्ट नव्हे. वजन परत चढायची सुरुवात बऱ्याचदा तिथून होते, आणि प्रथिनं त्याच वेळी घटत असतात.

जेवताना पाणी नको, त्यानंतरही अर्धा तास थांबा. दिवसभरात मिळून दीड ते दोन लिटर व्हायला हवं. आणि नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत. डॉक्टरांनी परवानगी दिली की रबर बँड, छोटी वजनं, निदान खुर्चीतून हात न टेकता उठबस, असं काहीतरी ताकदीचं करा.

प्रश्न आलाय, केस गळतायत. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बऱ्याच जणांचे गळतात. शस्त्रक्रिया आणि वजनाची घसरण यांचा तो धक्का असतो आणि बहुतेकांचे केस परत येतात. गळती लांबली तर प्रथिनं, लोह आणि झिंक बघावं लागतं. नुसत्या बायोटिनच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. पायावर सूज, जिना चढताना मांड्यांत त्राण नसणं, जखम लवकर न भरणं, ही लक्षणं मात्र अंगावर काढायची नाहीत. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन उशिरा उतरतं, म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून निर्धास्त होऊ नका. आणि सतत उलट्या होत असतील तर प्रथिनांचा हिशेब बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बी-1 जीवनसत्त्व संपलं तर मज्जासंस्थेला कायमची इजा होऊ शकते.

शेवटची चिठ्ठी, श्रावणातल्या उपासांची. पहिल्या वर्षी शक्यतो उपास नकोत, आणि निर्जळी तर नकोच नको. मन मानतच नसेल तर साबुदाणा सोडा, त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. त्याऐवजी दूध, चक्का, घरचं पनीर, थोडा दाण्याचा कूट, असा दिवस काढता येतो. व्हे दुधातूनच निघतं, त्यामुळे माझ्या तक्त्यात ते उपासाला बसतं. पण ते खरंच चालतं का, हे मला विचारू नका, तो निर्णय घरातल्या आजींचा.