कोयता नेमका कोणाचा कामगार?

स्थलांतरित कामगाराला कायद्याचे संरक्षण आहे का, असे कोणी विचारले की मी उलट विचारतो: कोणत्या कारखान्याला निघाला आहे? बीडमधल्या पाटोद्याची ऊसतोड मजुरांची टोळी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या साखर कारखान्याला गेली, तर १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा तिच्यासाठी होता. तीच टोळी सीमेच्या अलीकडे, महाराष्ट्रातल्याच शिरोळला थांबली, तर नव्हता. ऊस तोच, कोयता तोच, पाचटात झोपणारी लेकरेही तीच.

त्या कायद्याने कंत्राटदारामार्फत नेलेल्या परराज्यातील कामगाराला तेच काम करणाऱ्या इतरांइतके वेतन, विस्थापन भत्ता, प्रवासखर्च, निवारा आणि छायाचित्र लावलेले पासबुक देऊ केले होते. मला पासबुक सर्वांत मोलाचे वाटते, कारण हाती कागद असल्याशिवाय मजुराला भांडता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. स्वतःहून आलेल्या कामगारालाही तिने व्याख्येत घेतले, हे चांगलेच झाले. परंतु तरतुदी लागू होण्यासाठी लागणारी कामगारांची किमान संख्या पाचावरून दहावर गेली, विस्थापन भत्ता गळाला आणि राज्याची सीमा जिथल्या तिथे राहिली.

राज्यातल्या राज्यात फिरणाऱ्यांसाठी संविधान उरते, आणि ते काही थोडे नाही. दिल्लीतील एशियाडच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगितले की किमान वेतनाहून कमी दराने करून घेतलेले काम हे अनुच्छेद २३ ने मना केलेले सक्तीचे श्रम होत, आणि कंत्राटदार मध्ये आहे म्हणून मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत. ऊसतोडीत नेमके हेच हात झटकले जातात. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार टोळी जमवणाऱ्या मुकादमाला पैसे देतो आणि मुकादम पावसाळ्यातच घरोघरी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटतो. त्यामुळे मजूर कोणाचे, असे विचारले की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामातही त्याच मुकादमाकडे जावे लागते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याला कर्जापोटी अडकलेली मजुरी अपरिचित नाही, मात्र गावात याला कोणी वेठबिगार म्हणत नाही, 'व्यवहार' म्हणतात.

समान वागणुकीचा प्रश्न तर टोळीच्या आतच सुरू होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात ती फडात उतरते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, परतल्यावर चूलही तिचीच. हिशेब मात्र टनावर होतो आणि पैसे नवऱ्याच्या हाती पडतात. एक दिवस पडून राहिली तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया २०१९ मध्ये विधिमंडळात गाजल्या आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या चर्चेत खाड्याचा उल्लेख वारंवार आला. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तोही टनावरच. बाळंतपणाच्या रजेचा टन कसा मोजणार?

मुकादमाच्या वहीत अमुक नाव, 'कोयता १', उचल इतकी, एवढेच लिहिलेले असते. त्या ओळीत दुसरे नाव घालायला संहिता बदलावी लागत नाही. कारखान्याने हंगामापूर्वी टोळीची यादी मागवताना स्त्री-पुरुष दोघांची स्वतंत्र नोंद आणि दोघांची स्वतंत्र बँक खाती मागितली, तरी पुरे.