माल उतरला, माणसं राहिली

नमस्कार, श्रोतेहो. जुन्या होडीत थाटलेलं घर म्हटलं की कुणाची तरी हौस असणार, असं वाटतं. पण या घरांची सुरुवात झाली ती नडीतून.

इंग्लंडच्या कालव्यांवर कोळसा वाहणाऱ्या होड्या असत. लांबी ७० फुटांच्या आसपास, रुंदी जेमतेम ७ फूट. रेल्वे आली आणि कालव्याचे मालभाडे कोसळले. नावाड्याला मदतनिसाचा पगार परवडेना, काठावरच्या खोलीचं भाडंही झेपेना. मग बायकापोरं होडीवरच राहायला आली. बायको सुकाणू धरायची, मुलं होडी ओढणाऱ्या घोड्याबरोबर काठाने चालायची.

त्यांची खोली होडीच्या मागच्या टोकाला, सुमारे १० फूट लांब. आत उतरलं की डावीकडे चूल. शेजारच्या कपाटाचं दार खाली पाडलं की तेच जेवणाचं टेबल. रात्री आडवी फळी टाकली की आईबापांचं अंथरूण. आणि दारांवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले! इतक्या दाटीत गुलाबांसाठी जागा निघाली, याचं मला फार अप्रूप वाटतं. अशा होड्यांची राहण्याची जागा म्हणून नोंदणी सुरू झाली ती १८७७ च्या कायद्याने. आत किती माणसं राहू शकतील, हेही त्यानंतर ठरू लागलं.

१९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि आधीच मोडकळीला आलेल्या मालवाहतुकीचा कणाच मोडला. कित्येक होड्या भंगारात गेल्या, काही मुद्दाम बुडवल्या गेल्या. ज्या लोकांनी विकत घेतल्या, त्या वाचल्या. कोळशाच्या जागी खोल्या उभ्या राहिल्या. पण माल गेला की होडी हलकी होते, पाण्यावर उंच तरंगते, डुलते. म्हणून फळ्यांखाली विटा, फरश्या रचून तिला पुन्हा जड करावं लागतं. कोळशाचं ओझं गेलं तरी वजन हवंच!

ॲमस्टरडॅममध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची भीषण टंचाई होती आणि जुनी मालवाहू जहाजं रिकामी पडत होती. लोकांनी तीच घेतली. १९१४ साली बांधलेलं, वाळू-खडी वाहणारं ‘हेंड्रिका मारिया’ असंच घर झालं. आज तिथे संग्रहालय आहे.

पॅरिसमध्ये तर पहिल्या महायुद्धातलं एक काँक्रीटचं कोळशाचं जहाज १९२९ मध्ये बेघरांचा निवारा झालं. आराखडा होता वास्तुविशारद ल कॉर्ब्यूझिए यांचा. ‘लुईझ-कॅथरीन’ नावाचं हे जहाज २०१८ मध्ये सेन नदीत बुडालं. २०२० मध्ये ते पुन्हा वर काढलं गेलं.