गालिचा आधी उलटा करून पाहा

(दृश्य : येरेवान. शनिवारची सकाळ. दोरीवर टांगलेले गालिचे, खाली मांडलेले स्टॉल.)

आर्मेनियाची राजधानी येरेवान. रिपब्लिक चौकापासून काही मिनिटं चाललं, की अराम आणि बुझांद या दोन रस्त्यांच्या मधे हा बाजार लागतो. वेर्निसाज. 1980च्या दशकात चित्रकार आपली चित्रं उघड्यावर मांडू लागले, त्यातून तो वाढत गेला. शनिवार-रविवारी तो खऱ्या अर्थाने भरतो. चांदीची कर्णफुलं, लाकडातून कोरलेली डाळिंबं, काळ्याभोर ऑब्सिडियनचे, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेचे मणी, टफ या ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या दगडातले हातभर उंचीचे खाचकार, म्हणजे कोरीव क्रूसशिळा. मेस्रोप माश्तोत्स या धर्मगुरूने इसवी सन 405च्या सुमारास घडवलेली आर्मेनियन अक्षरं तर पाटीपासून पेंडंटपर्यंत सगळीकडे.

यात हाताचं काम आहे आणि कारखान्यातला मालही आहे. दोन्ही शेजारी-शेजारी लटकतात.

(दृश्य : एक हात गालिचाचा कोपरा उचलून उलटवतो.)

म्हणून गालिचा घ्यायचा असेल, तर समोरची नक्षी नंतर बघा. आधी कोपरा उलटा करा. हाताने विणलेल्या गालिचात मागच्या बाजूलाही नक्षी स्पष्ट उमटलेली असते आणि एकेक गाठ मोजता येते. ओळी किंचित वर-खाली असतात. मग टोकाची झालर बघा. ती गालिचाच्या उभ्या धाग्यांचीच असायला हवी. मशिनवरच्या मालाला बहुतेक वेळा झालर मागाहून शिवलेली असते, शिलाई बोटाला लागते. आणि एकाच लाल पट्ट्यात मधेच रंगाची छटा बदलली, तर नाक मुरडू नका. लोकर वेगवेगळ्या वेळी रंगवली की असं होतं.

गाठींच्या मऊ, जाड गालिचाला इथे ‘गोर्ग’ म्हणतात, सपाट विणीच्या पथारीला ‘कार्पेट’. कित्येक जुन्या आर्मेनियन गालिचांत विणणाऱ्याचं नाव आणि साल अक्षरांत विणलेलं सापडतं. असा खरोखर जुना गालिचा देशाबाहेर न्यायचा तर सरकारी परवानगी लागते. तो कागद विक्रेत्याकडे आधीच मागा.

लाल रंगाबद्दल मात्र सावध राहा. आरारात मैदानातल्या खारट दलदलीत, गवताच्या मुळांवर एक किडा जगतो. त्याच्यापासून निघणारा किरमिजी रंग म्हणजे ‘वोर्दान कार्मिर’. मध्ययुगीन हस्तलिखितांतली चित्रं या रंगाने रंगली. आता त्या किड्याचा अधिवास आक्रसून संरक्षित पट्ट्यांपुरता उरला आहे. कोणी साध्या किमतीचा गालिचा दाखवून त्यात तोच रंग आहे म्हणू लागलं, तर मला ते पटत नाही. मंजिष्ठेच्या मुळाचा लाल रंग आहे असं सांगणारा विक्रेता जास्त भरवशाचा. तो रंगही सुंदरच असतो.

(दृश्य : जुनं छायाचित्र. लांबलचक मागासमोर बसलेल्या मुली.)

ही विद्या आज हयात आहे, यामागे मोठं दुःख आहे. 1915च्या नरसंहारानंतर ऑटोमन साम्राज्यातून वाचलेली हजारो मुलं अनाथाश्रमांत आली. लेबनॉनमधल्या गाझिर गावच्या आश्रमात मुलींना गालिचे विणायला शिकवलं गेलं. त्यांनी एक गालिचा दहा महिन्यांत पुरा केला. त्यात 44 लाखांहून जास्त गाठी आहेत. अमेरिकेने केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून 1925 साली तो राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिला गेला. 2014मध्ये तो वॉशिंग्टनमध्ये लोकांना पाहायला ठेवला होता. आईबाप गमावलेल्या मुलींनी पुढच्या आयुष्याची कमाई म्हणून हे कसब हाती घेतलं, हे गालिचाला हात लावताना मला विसरता येत नाही.

(दृश्य : रुमालावरची लेस, अगदी जवळून.)

पुढच्या स्टॉलवर लेस. इथे क्रोशाची हूक नाही, नुसती सुई आणि दोरा. मधल्या बिंदूपासून सुरुवात करायची, एकेक इवलासा फास टाकायचा आणि त्यावर गाठ मारायची. गाठ प्रत्येक ठिकाणी पक्की असल्यामुळे एखादा धागा तुटला तरी सगळी वीण उसवत नाही. तळहाताएवढ्या तुकड्याला किती तास लागतात, हे विणणाऱ्या बाईंनाच विचारा. मग भावात घासाघीस करावीशी वाटणार नाही. मशिनची लेस त्यामानाने फार एकसारखी असते. हे फास मात्र किंचित लहान-मोठे होतात.

आणि ‘मराश’ भरतकाम दिसलं तर थांबाच. सध्याच्या तुर्कस्तानातल्या मराश शहरातून परागंदा झालेल्या आर्मेनियन बायकांनी ते अलेप्पो, बैरूतपर्यंत नेलं. आपल्याकडे ब्लाउजवर आणि चादरीवर जो कच्छी टाका भरतात, त्याची आठवण पहिल्या नजरेतच होते. रीतही तीच. आधी कापडावर दोऱ्यांची चौकट घालायची, मग दुसरा दोरा कापडाला न टोचता त्या चौकटीतून वर-खाली ओवत न्यायचा. म्हणून इथेही उलटी बाजू बघायची. पुढून भरगच्च जाळी दिसते, मागे मात्र पहिल्या चौकटीचे बारीक टाके तेवढे असतात. घरी ज्या कोणी कच्छी काम करत असतील, त्यांच्यासाठी याहून चांगली भेट मला सुचत नाही.

(दृश्य : दुदुकचा गहिरा सूर. वादकाची बोटं.)

शेवटी दुदुक. जर्दाळूच्या लाकडाचं हे वाद्य. 2005 साली युनेस्कोने त्याच्या संगीताचा मान केला. बाजारात शोभेची दुदुक पुष्कळ, पण ती सुरात असतेच असं नाही. वाजवायलाच घ्यायची असेल, तर विक्रेत्याला वाजवून दाखवायला सांगा. जोडीला बोरूची रुंद दुहेरी पत्ती असते, ‘घामिश’. ती आधी ओली करून थोडी उघडू द्यावी लागते, लगेच फुंकून सूर निघत नाही. पत्ती झिजते आणि चिरतेही, तेव्हा निदान एक जास्तीची सोबत बांधून घ्या. ती भारतात सहज मिळणार नाही.