तपासणीनंतर पोट का फुगतं? प्रश्न वायूचा आहे

आतड्याच्या भिंती एरवी एकमेकींना टेकलेल्या असतात. दुर्बिणीने आतून तपासताना (एंडोस्कोपी) पुढचं दिसावं म्हणून आत वायू सोडून त्या फुगवाव्या लागतात. तपासणी संपली, की त्या वायूचं काय होतं, यावर पुढचे काही तास पेशंटचं पोट कसं राहील ते ठरतं.

हा वायू खोलीतली साधी हवा असेल, तर तिच्यात ७८ टक्के नायट्रोजन. आतड्याच्या अस्तरातून तो रक्तात फार सावकाश जातो, म्हणून खालून सरेपर्यंत आतच राहतो. पोट टम्म, मधूनच कळ. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड सोडला, तर तो मात्र नायट्रोजनच्या सुमारे १६० पट वेगाने शोषला जातो आणि फुप्फुसांवाटे बाहेर पडतो.

पण तपासणीच्या टेबलावर चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी) चालू असताना दुखतं ते मुख्यतः दुर्बिणीचा वळसा पडून आतडं ताणलं जातं म्हणून. वायू बदलून तो वळसा सुटत नाही. खरा फायदा नंतरच्या पहिल्या काही तासांत. दुसऱ्या दिवशी हवावाला आणि कार्बन डायऑक्साइडवाला, दोन्ही पेशंट जवळपास सारखेच असतात. दुखण्याची नोंद पेशंट टेबलावरून उतरताना घेतलीत आणि नंतर विचारलंच नाहीत, तर फायदा कागदावर येणारच नाही.

आता कार्बन डायऑक्साइडची जोडणी. सिलिंडर, दाब कमी करणारा रेग्युलेटर, वायू मोजून सोडणारा इन्सफ्लेटर, तिथून नळी दुर्बिणीच्या पाण्याच्या बाटलीच्या वायूच्या तोंडाला. इथवर सगळे बरोबर करतात. राहतं ते प्रकाशस्रोताच्या (दुर्बिणीला उजेड पुरवणाऱ्या यंत्राच्या) हवेच्या पंपाचं बटण! तो चालू राहिला, की कार्बन डायऑक्साइडमध्ये हवा मिसळते आणि नायट्रोजन मागच्या दाराने पुन्हा आत. सिलिंडरही संपतो, पोटही फुगतं, आणि दोष वायूला. दुर्बीण आत घालण्यापूर्वी पंप बंद असल्याचं एकाने मोठ्याने सांगावं. दुसरी गळती झडपेची. दुर्बिणीच्या मुठीवरच्या नेहमीच्या हवा-पाण्याच्या झडपेवर बोट नसेल तेव्हा वायू तिच्या भोकातून खोलीत जात राहतो. म्हणून बोट नसताना वायू अडवणारी, या कामासाठीची झडप वापरा.

सिलिंडरच्या काट्यावर विसंबू नका. आत द्रव असतो. तो शिल्लक असेपर्यंत २० अंश सेल्सिअसला काटा सुमारे ५७ बारवरच उभा राहतो आणि द्रव संपला, की झपाट्याने पडतो. किती उरलंय हे वजनावरूनच कळतं. सिलिंडर उभाच बांधा. आडवा ठेवला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरून तो गोठतो.

वायू लवकर शोषला जातो म्हणून आतडंही लवकर मिटतं. दृश्य मिटलं, की हात आपोआप बटणावर जातो आणि जरुरीपेक्षा जास्त वायू आत जातो. बाहेर येताना प्रत्येक भाग पाहून झाला, की तिथला वायू ओढून घ्या. कार्बन डायऑक्साइड असला तरी.

लांबलेल्या कामांत, म्हणजे ईआरसीपी (पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांवरचं दुर्बिणीचं काम) किंवा अस्तराखालून गाठ सोलून काढताना, कार्बन डायऑक्साइडचं महत्त्व वाढतं: भिंतीला भोक पडलंच, तर पोटात गेलेला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा लवकर जिरतो. साध्या, पाच मिनिटांच्या गॅस्ट्रोस्कोपीत (जठराच्या दुर्बीण तपासणीत) फरक थोडाच. सीओपीडीचा (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा), रक्तात कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवणारा पेशंट असेल आणि गुंगीचं औषध दिलेलं असेल, तर रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या नुसत्या ऑक्सिमीटरवर भागत नाही. जादा ऑक्सिजन चालू असताना श्वास मंदावला तरी तो आकडा बराच वेळ चांगला दिसतो. तिथे कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) लावा.