एका दिवसात दोन समुद्रांचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

सातारा-सांगलीकडच्या माणसाला समुद्र बघायचा तर घाट उतरावा लागतो. कराडहून कुंभार्ली घाटानं चिपळूण-गुहागर, नाहीतर कोल्हापूरकडून आंबा घाटानं रत्नागिरी. आणि ऐन पावसाळ्यात, जेव्हा आपल्याला बाहेर पडायची हुक्की येते, तेव्हा तो समुद्र खवळलेला असतो, घोट्याएवढ्या पाण्यातही उभं राहू देत नाही. म्हणून आज जी वाट सांगणार आहे ती आपल्या सातारा जिल्ह्यातली आहे. तिच्यात धबधबा आहे, नजर पोचणार नाही एवढ्या पाण्याचा काठ आहे, चालणं बेताचं आहे. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना झेपेल. भांबवलीचा वजराई धबधबा आणि तिथून पुढं बामणोलीला शिवसागराचा, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचा काठ.

ही दोन्ही ठिकाणं तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिली असतील. माझं म्हणणं एवढंच की ती एकाच दिवशी, एकापाठोपाठ पाहावीत. कारण वजराईवरून खाली कोसळणारं पाणी बंगालच्या उपसागराला जातं, आणि बामणोलीच्या काठावर तुम्ही ज्यात पाय सोडून बसाल त्या पाण्याचा मोठा हिस्सा जातो अरबी समुद्राला. दोन्हींच्या मध्ये गाडीनं तासाभराचीसुद्धा वाट नाही. हे कसं घडतं, ते जाता जाता सांगतो.

साताऱ्यातून समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायचा. शनिवार-रविवारी या घाटात गाड्यांची जी रांग लागते ती बघता शक्यतो मधला वार धरा. सुट्टी मिळत नसेल तर सकाळी लवकर निघा, सातच्या आत घाट चढलेला बरा. पेट्री, आटाळी अशी गावं मागं पडतात आणि मग कासचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं खडकाळ पठार लागतं. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात कास आहे, हे आता शाळेतलं पोरही सांगतं. फुलांबद्दल इतकं बोललं गेलंय की मी भर घालत नाही. फक्त एका फुलाचं नाव घेतो, वायतुरा. हे पाण्यात, डबक्यात उगवणारं, इंग्रजी वाय अक्षरासारखं दुभंगलेलं फूल. त्याच्या शास्त्रीय नावात सातारा आहे, अपोनोजेटन सातारेन्सिस. ते सप्टेंबरच्या गर्दीच्या आधीच, पावसाच्या पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत फुलतं. म्हणून गर्दी त्याला बघतच नाही.

फुलांपेक्षा माझं लक्ष असतं पायाखालच्या दगडाकडं. सड्यावर माती बोटभर, कुठं तेवढीही नाही. खाली जांभा. जांभा सच्छिद्र असतो, स्पंजासारखा पाऊस पिऊन घेतो. जांभ्याच्या खाली काळा पत्थर आहे, तो पाणी सहजासहजी आत घेत नाही. मग वरचं मुरलेलं पाणी या दोन थरांच्या सांध्यातून, डोंगराच्या कुशीतून झऱ्यांनी बाहेर पडतं. पाऊस थांबल्यावरही इथले ओहोळ कितीतरी दिवस वाहत राहतात ते यामुळं. सातारा शहराला कास तलावाचं पाणी मिळतं, तेही पंपाविना, निव्वळ उतारानं. सातारकरांनो, तुमच्यातल्या कित्येकांच्या सकाळच्या चहात हा सडा असतो.

कासचा हा डोंगर म्हणजे पाणी वाटून देणारी वरंडी आहे. पूर्वेच्या अंगाला पडलेला पाऊस उरमोडीत जातो. पश्चिमेच्या अंगाला पडलेला कोयनेच्या खोऱ्यात.

तलाव मागं टाकून भांबवलीला जायचं. गावात गाडी लावायची, प्रवेश शुल्क भरायचं आणि चालायला लागायचं. वाट जंगलातून जाते, तिच्यात फार चढ नाही. लहान मुलं उड्या मारत जातात. गुडघे दुखणाऱ्यांनी हातात काठी घ्यावी, कारण पावसात दगडांवर शेवाळ धरतं आणि पाय सटकतो. वाट सोपी आहे ती चढाच्या हिशेबानं. निसरड्याच्या बाबतीत सोपी-अवघड असा भेद नसतो, तिथं घराची मोरीसुद्धा माणसाला पाडते! गुळगुळीत तळव्याची चप्पल घालून येणारे लोक बघितले की मला त्यांच्या धाडसाचं कौतुक वाटतं, पण अनुकरण करू नका.

आणि जळवा. त्यांच्याबद्दल आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर मंडळी वाटेत किंचाळतात आणि सगळ्या रानाला कळतं. जळू चावली तर दुखत नाही, कळतसुद्धा नाही. मोजा लालभडक झालेला दिसतो तेव्हा कळतं. ती रक्त गोठू न देणारा स्राव सोडते, म्हणून जखम बारीक असूनही रक्त बराच वेळ येत राहतं. घाबरायचं कारण नाही. तिला हिसका देऊन ओढू नका, नखानं तिचं तोंड बाजूनं अलगद सोडवा. मोज्यांवर मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावून जायची जुनी रीत आहे. गवतात बसू नका, वाट सोडू नका, म्हणजे निम्मा त्रास वाचला.

या वाटेवर कान उघडे ठेवा. मोबाईलवरची गाणी मोठ्यानं लावून चालणारी टोळकी हल्ली सगळीकडं भेटतात. त्यांना पुढं जाऊ द्या, पाच मिनिटं थांबा. पाण्याच्या आवाजाच्या वर एखादी शीळ ऐकू येईल. रिकामपणी एखादा पोरगा घालतो तशी, सूर चुकत, मध्येच सोडून दिलेली. तो शीळकरी कस्तूर. गडद निळ्या रंगाचा पक्षी, ओढ्याकाठच्या दगडांत राहतो आणि पावसाळ्यात त्याचा गळा मोकळा होतो. तुम्हाला इथं स्टुडिओत वाजवून दाखवावी असं फार मनात आहे, पण मला शीळ येत नाही.

झाडं विरळ झाली की समोर वजराई दिसतो. तीन टप्प्यांत कोसळतो, आणि एकूण उंची १८४० फूट, म्हणजे सुमारे ५६० मीटर सांगितली जाते. देशात पहिला की कितवा, यावर वाद घालणारे भरपूर आहेत. मला त्यापेक्षा ते तीन टप्पे जास्त महत्त्वाचे वाटतात. सह्याद्री लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक ओतत गेलेले थर. सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट, काही ठिसूळ. पाणी ठिसूळ थर आधी पोखरतं, घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो. तुम्ही सातारा-वाई-पाटण भागातला कुठलाही डोंगर बघा, त्याला पायऱ्या पडलेल्या दिसतील. वजराई त्याच पायऱ्यांवरून उतरतो. भर पावसात कधी कधी धुकं असं दाटतं की धबधबा नुसता ऐकू येतो, दिसत नाही. तेव्हा रागावून परत फिरू नका. वारा आला की पडदा सरकतो, अर्ध्या मिनिटासाठी का होईना. पावसाचा जोर फार असला तर वाट बंद करतात. तिथली माणसं नको म्हणाली की हुज्जत घालू नये, त्यांना ओढ्याचा स्वभाव माहीत असतो.

हे पाणी पुढं उरमोडी होतं. सज्जनगडाच्या पायथ्याला, परळीजवळ ते धरणात अडवलंय. तिथलं काही पाणी उचलून खटाव-माणच्या दुष्काळी रानाला नेतात. वजराईला चिंब भिजताना हे मनात आणून बघा, या कड्यावरचा थेंब माणदेशातल्या एखाद्या शेतात उतरू शकतो. उरलेली उरमोडी कृष्णेला मिळते, कृष्णा कराडवरून सांगलीला आयर्विन पुलाखालून जाते, कर्नाटक, तेलंगणा ओलांडते आणि आंध्रात हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागराला मिळते. सांगलीचे श्रोते दरवर्षी ऑगस्टमध्ये पुलाजवळची पाणीपातळी ऐकत असतात, त्यांना वेगळं सांगायला नको.

आता माघारी कासच्या रस्त्याला या आणि बामणोलीकडं घाट उतरा. एका वळणावर अचानक झाडांमधून पाणी दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला समुद्राची खाडीच वाटते. डोंगरांमध्ये शिरलेली, फाटे फुटलेली, पैलतीर निळसर. हा कोयना धरणाचा जलाशय, शिवसागर. धरण इथून कितीतरी दूर, दक्षिणेला कोयनानगरजवळ. पावसाळ्यात रोज बातम्यांत कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस मिलिमीटरमध्ये आणि पाणीसाठा टीएमसीमध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांत ऐकता ना, ते हे पाणी. पूर्ण क्षमता १०५.२५ टीएमसी.

बोटी लागतात त्या जागेपासून काठाकाठानं जमेल तेवढं चालत जा. वाळू नाही इथं, लाल चिकट माती आणि दगडगोटे. लाटा म्हणाल तर वाऱ्यानं उठलेल्या, बोटभर. पण रंग बघा. सकाळी पाणी शिशासारखं आणि ऊन पडलं की गर्द हिरवं, कारण समोरच्या कोयना अभयारण्याचं रान त्यात उतरतं. पायरीवर बसून पाय सोडा, पण पोहायला उतरू नका. ही मुळात डोंगराची उतरण आहे, दोन पावलांत तळ सुटतो, आणि खाली गाळ किती आहे ते वरून कळत नाही.

नदीची मूळ चाल अशी. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या रांगेला समांतर दक्षिणेला वाहत हेळवाकला येते, तिथं काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटते. म्हणजे तिचं पाणीही बंगालच्या उपसागरालाच जायचं. पण हेळवाकच्या पश्चिमेला जेमतेम डोंगराची एक भिंत, आणि तिच्या पलीकडं कोकण साडेचारशे मीटरहून जास्त खाली. १९५०च्या दशकात इथं धरणाचं काम सुरू झालं, १०३ मीटर उंचीचं. डोंगरातून बोगदे काढले, पाणी पश्चिमेला वळवलं आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहात टर्बाइनवर सोडलं. चारही टप्पे आणि पायथ्याचं वीजगृह मिळून क्षमता १९६० मेगावॉट. वीज काढून झालेलं पाणी वाशिष्ठी नदीत जातं, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला आणि अरबी समुद्राला. कृष्णा खोऱ्यातलं पाणी बाहेर जाणार म्हणून राज्या-राज्यांत तंटा झाला, लवादानं पश्चिमेला सोडायची वर्षाची मर्यादा ६७.५ टीएमसी ठरवून दिली. धरणाच्या पोटात मावतं त्याच्या दोन तृतीयांशाहून थोडं कमी. निसर्गानं पूर्वेला पाठवलेली नदी माणसानं पश्चिमेला फिरवली. तुमच्या माझ्या घरातला दिवा त्यावर लागतो. हा कार्यक्रम ऐकताय त्यातही तिचा वाटा असेल.

याची किंमत ज्यांनी मोजली ते लोक या काठाचेच. जुनी गावं, देवळं, नदीकाठची भाताची खाचरं पाण्याखाली गेली. काहीजण वर डोंगराला सरकले, काहींचं पुनर्वसन रायगड, रत्नागिरी, सोलापूर, सांगलीकडं झालं. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी खाली उतरतं तेव्हा जुन्या वस्त्यांच्या खुणा उघड्या पडतात. बामणोलीत एखादे वयस्क बाबा निवांत भेटले तर त्यांचं जुनं गाव कुठं होतं ते विचारा, पाण्याकडं बोट करून सांगतात. फोटो काढायची घाई करू नका तेव्हा.

पलीकडचा वासोटा किल्ला खुणावेल. तो पावसाळ्यात बंद असतो, आणि एरवीही वनखात्याची परवानगी लागते. आजच्या सोप्या दिवसात त्याला जागा नाही, तो वेगळा दिवस मागतो.

कधी जावं? जुलै-ऑगस्टमध्ये धबधबा भरात असतो, पण धुकं आणि जळवाही. मला विचाराल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य. जलाशय भरलेला, पाऊस सरीसरीनं, वाट कोरडी होत आलेली. स्वतःची गाडी नसेल तर साताऱ्याच्या स्थानकावरून बामणोलीला एसटी जाते. वेळा आणि विशेषतः परतीची शेवटची गाडी चौकशी खिडकीवर विचारून घ्या. एसटीनं जाणाऱ्यांना एका दिवसात दोन्ही जमवणं अवघड आहे, त्यांनी चार-सहा जण मिळून जीप करावी. अंधार पडायच्या आत घाट चढून या. रात्री रस्त्यावर गवा उभा असतो, काळ्या रस्त्यावर काळा गवा, दिव्याच्या उजेडात जवळ येईपर्यंत दिसत नाही.

जेवणाचं एक सांगून थांबतो. बामणोलीत घरगुती जेवण मिळतं, पण ताट आयतं वाढून ठेवलेलं नसतं. पोचल्या पोचल्या माणसं किती ते सांगा, पिठलं-भाकरी हवी की आणखी काही ते सांगा, आणि मग काठावर जा. मावशी भाकऱ्या थापेपर्यंत तास-दीड तास सहज जातो. भूक लागलीय म्हणून मध्ये मध्ये येऊन विचारू नका, त्या अजिबात घाई करत नाहीत.

नमस्कार.