कापलेल्या आतड्याचा रिपोर्ट

नमस्कार श्रोतेहो. पोट दुखायला लागलं की आपल्या घरात आधी ओव्याचा डबा उघडतो. त्यात वावगं काही नाही. पण दुखण्याबरोबर उलट्या होतायत, पोट फुगलंय, शौचाला होत नाही आणि वायूही सरत नाही, असं असेल तर तडक दवाखाना गाठा. जुलाबाची गोळी तर देऊच नका. आतड्याचा रस्ता बंद असताना ती धोक्याची ठरते.

रस्ता अडण्याची कारणं बहुधा ओळखीची असतात: जुन्या ऑपरेशननंतर चिकटलेली आतडी, अडकलेला हर्निया, क्षय. क्वचित मात्र आत लिंफोमा निघतो, म्हणजे लिंफ पेशींचा कर्करोग. तो आतड्यात कसा, असं नातेवाईक विचारतात. लहान आतड्याच्या शेवटाला, अपेंडिक्सच्या जवळपास, या पेशींचे पुंजके मुळातच असतात, संसर्गाशी लढायला. तिथे गाठ वाढली की कधी ती रस्ता अडवते, कधी आतड्याला भोक पडतं. कधी आतड्याच्या हालचालीबरोबर गाठ पुढे ओढली जाते आणि सदऱ्याची बाही आत दुमडावी तसं आतडं आतड्यात शिरतं. तान्ह्या बाळात हे बहुतेकदा गाठीवाचून घडतं. सहा-सात वर्षांच्या मुलात किंवा मोठ्या माणसात घडलं, तर गाठ शोधावीच लागते.

मुलांमध्ये ती बर्किट लिंफोमाची असू शकते. डेनिस बर्किट या सर्जननी १९५८ साली युगांडातल्या मुलांच्या जबड्यातल्या गाठींचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव. आफ्रिकेबाहेर हा आजार जास्त करून पोटात दिसतो. ही गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते, इतकी झपाट्यानं वाढते. आणि तरीही वेळेवर केमोथेरपी मिळाली तर बहुतेक मुलं बरी होतात! म्हणून तर मी इतकं कळकळीनं बोलतोय.

तातडीच्या ऑपरेशनमध्ये जीव वाचतो, पण नुसत्या डोळ्यांना क्षय आणि लिंफोमा यांतला फरक कळेलच असं नाही. कापलेला तुकडा पॅथॉलॉजीत तपासल्यावरच ते ठरतं. इकडे टाके निघतात, पेशंट जेवायला लागतो, घरचे गावी परततात आणि रिपोर्ट तिथेच पडून राहतो. अंदाजानं क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या, तर मोलाचे आठवडे हातचे जातात.

घरी सोडतील त्या दिवशी डॉक्टरांना विचारा, "तुकडा तपासायला गेलाय ना? रिपोर्ट कधी मिळेल?" लिंफोमाचा नेमका प्रकार ठरवायला जादा तपासण्या लागतात, त्यामुळे थोडे दिवस जातात. तोवर लॅबची पावती फाइलीत जपून ठेवा.